दुखतं कुठे ते सांगा, औषध नंतर

संगमनेर-अकोले भागातल्या मुलांना उसातला बिबट्या नवा नाही. तिथल्या सातवीतल्या एखाद्या मुलाने पहिला व्हिडिओ गेम तयार केला, तर त्यात बिबट्या येणार हे ओघानेच आलं. उसाच्या सऱ्यांमधून शाळेपर्यंत पोचायचं, बिबट्या आला की उडी मारायची, तीन लाइफ. दादाच्या जुन्या लॅपटॉपवर मुलगा तो गेम मोठ्या उत्साहाने दाखवतो. आई म्हणते, "छान आहे रे!" वडील म्हणतात, "एवढ्या वेळात गणितं झाली असती." दोघांपैकी कुणीही तो गेम दहा सेकंदांपेक्षा जास्त खेळलेलं नसतं.

आता हे प्रसंग वाढत जाणार आहेत. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये 'स्क्रॅच' ही मोफत प्रणाली मुलांसाठी खुली केली. तिच्यात ठोकळे जोडावेत तशा आज्ञा जोडून गेम तयार होतो. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोडिंग माध्यमिक शाळेच्या आधीच आणलं आहे. मुलं गेम करणारच. तो पाहून काय बोलायचं, हे मात्र मोठ्यांना कुणी शिकवलेलं नाही.

याचं उत्तर दवाखान्यात सापडतं. ओपीडीत दोन तऱ्हेचे रुग्ण येतात. एक म्हणतो, "ॲसिडिटी झालीय, ती गुलाबी गोळी द्या." दुसरा म्हणतो, "चढ चढताना इथे, छातीत मधोमध दाबल्यासारखं होतं. थांबलं की बरं वाटतं. आठ दिवस झाले." दुसऱ्याचं निदान निम्मं तिथेच होतं. पहिल्याची 'ॲसिडिटी' कधीकधी हृदयविकार निघते आणि गोळीच्या नादात वेळ गेलेला असतो.

गेमचंही असंच आहे. "बिबट्याचा वेग कमी कर" ही झाली गोळी. "तीनदा मेलो. तिन्ही वेळा दुसऱ्या बांधापाशी. बिबट्या दिसला तेव्हा तो अंगावर आलाच होता" हे झालं लक्षण. कारण वेगळंच असू शकतं. डोळ्याला काही दिसून बोट बटणावर दाबलं जाईपर्यंत साधारण पाव सेकंद जातो, वय वाढलं की त्याहून जास्त. स्वतःचा गेम शंभरदा खेळलेल्या मुलाला बिबट्या कुठून येणार हे पाठ असतं, म्हणून त्याला ही अडचण जाणवतच नाही. किंवा लालसर बिबट्या हिरव्या उसात खेळणाऱ्याला वेगळा दिसतच नसेल. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारे लोक, त्यातही पुरुष, आपल्या आसपास असतात. अनेकांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं. अशा वेळी वेग कमी करून काय होणार? बिबट्याला काळी कडा दिली की काम होतं.

सांगण्याची पद्धत चुकली तर नुकसानही होतं, ही नुसती समजूत नाही. क्लूगर आणि डीनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम उलट बिघडलं होतं. लक्ष कामावरून उडून 'मी कसा आहे' याकडे वळलं की परिणाम उतरतो, असं त्यांचं म्हणणं. १९९८ मध्ये म्युलर आणि ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत, "हुशार आहेस" अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढच्या अवघड कोड्यात अडल्यावर लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली. म्हणजे आईचं "छान" आणि वडिलांचं "गणितं" यांत वाटतं तेवढं अंतर नाही. दोन्हींत गेम कुठेच नाही.

एका बाबतीत मात्र लक्षण सांगून थांबू नये, सरळ बदलायला सांगावं. ती म्हणजे लखलखाट. बिबट्याने झडप घातली की पडदा लाल-पांढरा चमकवणं मुलांना फार आवडतं. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा चमकला आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. काहींना झटके आले होते. त्यांतल्या अनेकांना आधी कधीच फिट आलेली नव्हती. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही चमकू नये, हा आज सर्वमान्य संकेत आहे. मुलाला तो सांगितला की पटतो, कारण त्यात त्याच्या कल्पनेला कुणी नावं ठेवत नाही.

वडिलांची काळजी खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे. पण त्यात खेळण्यावरचा ताबा सुटणं आणि नुकसान दिसूनही खेळत राहणं पाहतात, तेही साधारण वर्षभर. गेम घडवणं म्हणजे तो विकार नव्हे. रात्री अकराला लॅपटॉप बंद झाला पाहिजे, हे तेवढंच खरं.

मग करायचं काय? लॅपटॉप आपल्याकडे घ्यायचा आणि पाच मिनिटं खरंच खेळायचं. मुलाने मधे "इथे उडी मारा ना!" म्हटलं तर त्याला हसून गप्प बसवायचं. कारण गेम दुसऱ्याच्या घरी जाईल तेव्हा सांगायला तो शेजारी नसेल. त्याने फक्त पाहायचं, आपण कुठे अडतो, कुठे हसतो. मग मजा कुठे आली ते सांगायचं, कारण ते कळलं नाही तर सुधारताना मूल नेमकं तेच काढून टाकतं. त्यानंतर अडलं कुठे, किती वेळा, ते. आणि मग विचारायचं, "तुला काय वाटतं, असं का झालं असेल?"

बहुतेक वेळा मूल उत्तर न देता लॅपटॉप ओढून घेतं. आजीलाही एकदा बसवावं. "अक्षरं बारीक आहेत रे" हे ती पहिल्या मिनिटातच सांगेल.