पाय दाबला तरी गाडी विचार करते

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी एक चिठ्ठी आली. 'सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी विचार करते, मग जाते. गिअरबॉक्स गेला का?' ठरवलेला विषय बाजूला ठेवतो आणि यावरच बोलतो, कारण नवी मुंबईत हा प्रश्न नुसता पैशांचा नाही. सायन-पनवेल हायवेला बाजूच्या रस्त्यावरून शिरताना मागून डंपर येत असतो. तिथे गाडीने दोन सेकंद विचार केला तर काय होईल, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पहिला प्रश्न: तुमची ऑटोमॅटिक कुठल्या जातीची? २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि आपल्याकडे एएमटी स्वस्त गाडीत पोहोचली. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं यंत्र करतं. त्यामुळे गिअर पडताना ती क्षणभर थांबते, मान डोलावते. तो तिचा स्वभाव आहे, आजार नव्हे. सीव्हीटीत पट्टा आणि पुली असतात. आधी इंजिनाचा आवाज चढतो, वेग मागून येतो. टॉर्क कन्व्हर्टरवाली मात्र चांगल्या अवस्थेत मऊ आणि बऱ्यापैकी तत्पर असते. ती रेंगाळायला लागली तर कान टवकारा.

दुसरा प्रश्न: इंजिन आळशी आहे की गिअरबॉक्स? यासाठी गॅरेजची गरज नाही. संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर एखादा मोकळा चढ बघा, बेलापूरच्या पारसिक हिलचा चालेल. शेजारी कुणीतरी बसवा आणि त्याला आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवायला सांगा. तुम्ही पाय दाबला, काटा झपकन वर गेला पण वेग वाढत नाही: क्लच किंवा गिअरबॉक्स घसरतोय. काटाच वर जात नाही: दोष बहुधा इंजिनाकडे, म्हणजे हवा, इंधन, सेन्सर. आणि इंजिन नीट ओढतंय पण गाडी जड वाटते? मग ब्रेक चिकटला असेल. आपल्याकडची खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. उभ्या गाडीचे कॅलिपर गंजून धरतात. थोडं चालवून थांबा आणि चाकाजवळ हात न्या, लावू नका, नुसता न्या. एकच चाक तापलेलं असेल तर चोर सापडला.

आता पायाखालची गोष्ट. जुन्या गाडीत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबल असायची. आता नसते. पेडलला दोन सेन्सर असतात. ते ईसीयूला सांगतात, ईसीयू मोटरला सांगतो, मोटर हवेची झडप उघडते. दोन सेन्सर का? एक खोटं बोलला तर दुसऱ्यावरून ते पकडता यावं म्हणून. दोघांचं जुळलं नाही की ईसीयू घाबरतो आणि गाडी जेमतेम घरी पोहोचेल एवढीच ताकद देतो.

माझ्याकडे आलेली एक केस सांगतो. खारघरचं जोडपं, एमएच-४३ची जुनी सीव्हीटी. एका गॅरेजने सांगितलं होतं, गिअरबॉक्स बदला. आकडा ऐकून वहिनी गाडी विकायलाच निघाल्या होत्या. मी ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावला. फॉल्ट कोड एकही नाही. बरेच जण इथेच थांबतात आणि अंदाजाने सुटे भाग बदलत बसतात. मी चालू आकडे उघडले आणि म्हटलं, वहिनी, पेडल पूर्ण दाबा. आकडा बासष्ट टक्क्यांवर अडला. म्हटलं, पूर्ण दाबा हो! तर म्हणाल्या, 'पूर्णच दाबलंय.' खाली वाकून बघतो तर कंपनीची मॅट, तिच्यावर रबरी, तिच्यावर जाडजूड फॅन्सी मॅट. पेडल मॅटवर टेकत होतं! मॅट काढल्या, आकडा अठ्ठ्याण्णववर गेला. (हशा) हसताय, पण त्या बाई महिनाभर त्याच गाडीने हायवेला चढत होत्या. जागेवरून निघताना थोडी ढिलाई नंतरही राहिली, पण ती सीव्हीटीची आणि चालू ठेवलेल्या इको बटणाची. तेवढी असायचीच.

मॅटमध्ये काही सापडलं नाही तर एअर फिल्टर उघडा. पावसाळ्यात उंदीर तिथे घर करतात, वायरही कुरतडतात. मग थ्रॉटल बॉडीतली काजळी. साफ करताना ती झडप बोटाने जबरदस्ती ढकलू नका, आतली मोटर-गिअर दुखावतात. साफ झाल्यावर बऱ्याच गाड्यांना स्कॅनरवरून झडपेची जागा पुन्हा शिकवावी लागते. ते केलं नाही की गाडी आधीपेक्षा वाईट चालते आणि दोष बिचाऱ्या क्लीनरला जातो. एएमटीचा क्लच बदलला तर त्यालाही असंच शिकवणं लागतं. सीव्हीटीत तेल कंपनीने सांगितलेलंच घाला. 'सगळं ऑइल सारखंच असतं' म्हणणाऱ्याकडून गाडी लगेच परत घ्या.

प्रश्न विचारा. हं, मागून... 'घेण्याआधी कसं ओळखायचं?' स्कॅनर सोबत न्या. कोड नाहीत एवढ्यावर खूश होऊ नका. स्कॅनरमध्ये ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते दिसतं. बऱ्याचशा अपूर्ण असतील तर कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. विकणाऱ्याला म्हणा, चार दिवस चालवा, मी पुन्हा येतो. आणि इंजिन थंड असतानाच बघायला जा. पोहोचलात आणि बॉनेट गरम लागलं, तर आधी विचारा, सकाळी सकाळी कुठे फिरवून आणली?