काम झालं, हे कोण ठरवणार?

समजा, मावळातल्या औंढे गावच्या पावसाच्या रोजच्या नोंदी एका फाइलीत आहेत आणि त्यांवरून महिन्यामहिन्याची बेरीज देणारा प्रोग्रॅम हवा आहे. हे काम रात्री एआय एजंटकडे सोपवलं, तर सकाळपर्यंत तो काय करेल?

तो फाइल वाचेल, कोड लिहील आणि चालवून बघेल. ‘ओळ ४१२ : संख्या अपेक्षित’ असा संदेश आला, की कोड बदलून पुन्हा चालवेल. हाच लूप. पण भाषा मॉडेल एका वेळी ठरावीक मजकूरच विचारात घेऊ शकतं. काम लांबलं की सुरुवातीच्या सूचना निसटतात. जेफ्री हंटली या प्रोग्रॅमरने २०२५मध्ये यावर सोपा तोडगा मांडला : एका ओळीची आज्ञा वापरून एजंटला तीच सूचना पुन्हा पुन्हा द्यायची. प्रत्येक फेरी कोऱ्या पाटीने सुरू होते. आधी काय झालं, हे एजंट फाइलींतून आणि ‘गिट’ या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातून वाचून घेतो.

आता ती ४१२वी ओळ पाहू. जुलैतल्या एका दिवसापुढे आकड्याऐवजी ‘नोंद नाही’ असं लिहिलंय. एजंटने तिथे शून्य धरलं, तर त्रुटी जाते, चाचणी पार पडते आणि महिन्याची बेरीज चुकते. कदाचित त्या दिवशी इतका कोसळला असेल, की पर्जन्यमापकापर्यंत कुणाला जाताच आलं नसेल! पुढची प्रत्येक फेरी त्या शून्यावरच रचली जाते. काही वेळा तर एजंट कोड सुधारण्याऐवजी चाचणीच बदलून मोकळे होतात. लूप किती भरवशाचा, हे शेवटी तपासणी किती कसून होते त्यावर ठरतं.

या तपासणीचं शास्त्र पुण्यात जुनं आहे. १९८१मध्ये इथे ‘टीआरडीडीसी’ हे टाटांचं संशोधन केंद्र सुरू झालं. टीसीएसच्या पुण्यातल्या संशोधकांनी घडवलेलं ‘व्हेरीअ‍ॅब्स’ हे साधन २०२०च्या आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर पडताळणी स्पर्धेत ‘रीचसेफ्टी’ गटात पहिलं आलं. चाचणी मोजकी उदाहरणं चालवून बघते. पडताळणी मात्र कोणतीही माहिती दिली तरी अमुक चूक होणारच नाही, हे गणिताने सिद्ध करू पाहते. त्यात सर्वांत अवघड जातात ते प्रोग्रॅममधले लूपच. व्हेरीअ‍ॅब्स त्यांच्या जागी मर्यादित फेऱ्यांचं सोपं रूप ठेवून उत्तर शोधतं. कोणताही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६मध्येच दाखवलं होतं.

म्हणून एजंटला मोकळं सोडताना फेऱ्यांची आणि खर्चाची कमाल मर्यादा आधी ठरवावी. त्याला खऱ्या डेटाबेसपासून दूर, वेगळ्या यंत्रावर चालवावं. चाचण्यांच्या फाइली बदलण्याची मुभा त्याला देऊ नये. आणि ‘नोंद नसेल तर बेरीज देऊ नकोस, तो दिवस दाखव’ इतकी स्पष्ट अट माणसानेच लिहावी. कोड लिहिणं स्वस्त होत चाललंय. अशी अट सुचायला मात्र पाऊस, शेत, बँक, दवाखाना जवळून माहीत असावा लागतो. आपल्या अभियांत्रिकीच्या वर्गांत आता अशा अटी लिहिणं आधी शिकवायला हवं.