बैल कोणाला, कितीला?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदे तालुक्यात काष्टी नावाचे गाव आहे. तेथे दर शनिवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो. बाजार करून परतणारे दोन शेतकरी वाटेत भेटले, की दोन प्रश्न हमखास निघतात : बैल कोणाला दिला? आणि कितीला दिला? दोन्ही प्रश्नांत ‘ला’ आहे. एकात तो माणसाला लागला आहे, दुसऱ्यात पैशाला. आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. पण हीच वाक्ये इंग्रजीत करू लागलो की या ‘ला’मुळे आपली फसगत होते. ती कशी, ते पाहू.

‘मी भावाला बैल दिला’ हे वाक्य घ्या. दिली गेलेली वस्तू बैल. ते प्रत्यक्ष कर्म. ज्याला दिला तो भाऊ. ते अप्रत्यक्ष कर्म. अशी दोन कर्मे घेणाऱ्या क्रियापदाला आपण द्विकर्मक म्हणतो. आता शब्दांची जागा बदला. ‘बैल मी भावाला दिला’, ‘दिला बैल भावाला’, कसेही म्हणा, बैल भावाच्याच गोठ्यात जातो. कारण ‘ला’ भावाला घट्ट चिकटलेला आहे.

इंग्रजीत हेच वाक्य ‘आय गेव्ह माय ब्रदर अ बुलक’ असे होते. येथे भावाला कोणताही प्रत्यय नाही. मग घेणारा कोण हे कळते कशावरून? केवळ जागेवरून. क्रियापदानंतर आधी घेणारा, मग वस्तू. ही जागा चुकवून ‘आय गेव्ह अ बुलक माय ब्रदर’ म्हणाल, तर भाऊच बैलाला देऊन टाकल्यासारखे होईल! वस्तू आधी आणायचीच असेल, तर भावाच्या मागे ‘टू’ लावावा लागतो.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखेच विभक्तीचे प्रत्यय होते. राजा म्हणजे ‘क्युनिंग’, तर राजाला म्हणजे ‘क्युनिंगे’. शब्दांच्या अखेरचे हे स्वर पुढे बोलण्यात झिजत गेले, आणि प्रत्ययांचे काम शब्दांच्या जागेकडे व ‘टू’सारख्या शब्दांकडे आले. आज आपण वापरतो तो ‘हिम’ मुळात ‘त्याला’ याच अर्थाचे चतुर्थीचे रूप आहे. घर पडले, पण एक खांब उभा राहिला, तशातला प्रकार.

मराठीचा ‘ला’ मात्र फार कामसू आहे. ‘मामाला बैल पाठवला’ आणि ‘पुण्याला बैल पाठवला’ ही दोन्ही वाक्ये आपण सारख्याच सहजतेने बोलतो. इंग्रजीत ‘आय सेंट माय अंकल अ बुलक’ चालते; ‘आय सेंट पुणे अ बुलक’ चालत नाही. मामा बैलाचा धनी होऊ शकतो, गाव होऊ शकत नाही. क्रियापदाला लागून असलेली ती पहिली जागा इंग्रजीने, ज्याच्या हाती वस्तू पडणार त्याच्यासाठी राखून ठेवली आहे. (पुणे म्हणजे तेथील कचेरी, असे बोलणाऱ्याच्या मनात असेल, तर मात्र ते चालून जाते. कचेरीला धनी होता येते.) आपण तर ‘मुलगी काष्टीला दिली’ असेही म्हणतो. हे वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेऊन पाहा, म्हणजे गंमत कळेल.

आता वर्गात रोज होणारी चूक. ‘सर, मला हे गणित समजावून सांगा’ म्हणताना विद्यार्थी ‘एक्स्प्लेन मी धिस सम’ म्हणतो, आणि बोलणी खातो. त्याचा तर्क काही वाईट नाही. ‘टेल मी’ चालते, ‘शो मी’ चालते, मग ‘एक्स्प्लेन मी’ का नको? ‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘शो’, ‘टेल’, ‘सेल’ हे आखूड शब्द इंग्रजीच्या घरचे आहेत. ‘एक्स्प्लेन’, ‘डोनेट’, ‘डिस्क्राइब’ हे लॅटिनमधून, काही फ्रेंचमार्गे, आलेले पाहुणे. घरच्या क्रियापदांना दोन कर्मे जोडीने बसवता येतात. पाहुण्यांना बहुधा ‘टू’ लागतो. म्हणूनच शाळेला पुस्तके ‘गिव्ह’ करताना ‘टू’शिवाय भागते, तीच पुस्तके ‘डोनेट’ केली की भागत नाही, मग अर्थ जवळजवळ एकच का असेना. हा नियम सर्वस्वी बिनचूक नाही. ‘से’ हा शब्द घरचा असूनही ‘से मी’ चालत नाही. ‘प्रॉमिस’ परका असूनही ‘प्रॉमिस मी’ चालते. अशा चुका इंग्रज मुलेही लहानपणी करतात आणि फारसे कोणी न रागावता सोडूनही देतात. त्यांना हे कसे उमगते, या कोड्यावर स्टीव्हन पिंकर यांनी 1989 साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. तेव्हा चुकणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी थोडे सांभाळून घ्यावे, हे बरे.

दोन कर्मे फक्त देण्याघेण्यातच येतात असेही नाही. ‘मी त्याला किंमत विचारली’ हे इंग्रजीत ‘आय आस्क्ड हिम द प्राइस’ असे होते. संस्कृत व्याकरणात द्विकर्मक धातूंची एक यादीच आहे. तिच्यात विचारणे आहे, मागणे आहे, दंड करणे आहे, आणि गाईचे दूध काढणेही आहे : तेथे गाय हेही कर्म आणि दूध हेही कर्म! दंडाचे वाक्य इंग्रजीतही दोन कर्मांचे होते : ‘दे फाइन्ड हिम अ हंड्रेड रुपीज’.

राहिला दुसरा प्रश्न, कितीला? ‘हा बैल मला साठ हजाराला पडला’ या वाक्यात ‘ला’ दोनदा आला आहे. इंग्रजीत ‘द बुलक कॉस्ट मी सिक्स्टी थाउजंड रुपीज’ : दोघांनाही प्रत्यय नाही, पुन्हा आधी माणूस, मग रक्कम. पण ‘गिव्ह’प्रमाणे ‘टू’ घालून हे वाक्य उलटवायला जाल, तर ते उलटत नाही. बैल विकत घेताना माणसाच्या हाती रक्कम पडत नाही, हातची जाते.