साच्यात नाक राहत नाही

दिवाळीसाठी किल्ल्यांवर काहीतरी लिहा, असं संपादकांनी सांगितलं. किल्ल्यांवर लिहिणारे हल्ली पैशाला पासरी झालेत. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे 12 दुर्ग जागतिक वारशाच्या यादीत घेतल्यापासून तर विचारायलाच नको. मला कुतूहल होतं ते किल्ल्यावर उभ्या राहणाऱ्यांचं, म्हणजे दिवाळीत अंगणातल्या मातीच्या बुरुजांवर पहारा देणाऱ्या मावळ्यांचं. त्यांना रंगवतं कोण?

मुद्दाम बारामती-इंदापूरकडे गेलो. कऱ्हा, नीरा आणि भीमेच्या काठचा हा सपाट, उसाचा मुलूख. नाव घ्यावं असा डोंगरी किल्ला इथे नाही. त्यामुळे इथल्या पोरांचा राजगड असतो तो दगडविटा, गोणपाट आणि चिखलाचा, वर अळीव पेरलेला. इतिहासाला मात्र तोटा नाही. शहाजीराजांच्या जहागिरीतली सुपे आणि इंदापूर ही नावं बखरी-कागदांत वारंवार येतात. आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्यातच शिवाजी महाराजांनी सावत्रमामा संभाजी मोहिते यांना कैद करून ठाणं ताब्यात घेतलं. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. महाराजांचे हे आजोबा इंदापूरच्या लढाईत पडले. नेमकं साल कोणतं यावर इतिहासकार अजून भांडतात. गढी पाहायला अर्धा तास पुरला. उरलेला सगळा वेळ रस्त्याकडेच्या एका भाड्याच्या शेडमध्ये गेला.

शेडमध्ये गणपतीच्या दिवसांत गणपती असतात आणि अनंत चतुर्दशी झाली की तिथेच मावळे लागतात. रबरी साच्याचे दोन भाग बांधायचे, पीओपी पातळ कालवून ओतायची, साचा ठोकायचा, थोड्या वेळाने उघडायचा. सांध्याची रेघ ब्लेडने खरवडायची. वाळले की कॉम्प्रेसरवर सगळ्यांना एकदम अंगरंग मारायचा. इथवर काम भराभर चालतं. पुढचा मुक्काम रंगवणाऱ्या ताईंच्या फळीवर.

फळीवर तीन-तीन इंची मावळ्यांची रांग आणि ताईंच्या हातात झिरो नंबरचा ब्रश. एका रंगाचं काम आख्ख्या रांगेवर करून मगच दुसरा रंग. पागोटी तांबडी, अंगरखे पांढरे, कमरेचे शेले हिरवे, ढालींवर पिवळे चार ठिपके. हे चार ठिपके मला उगाच नक्षी वाटायचे. पण जुन्या कातडी ढालींवर खरोखरच चार धातूची फुलं असायची. आतल्या बाजूने मूठ धरायच्या कड्या त्यांनाच अडकवलेल्या असत. ताईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांना ठिपके चार हे ठाऊक होतं, कारण त्यांना शिकवणाऱ्या बाईही चारच काढत.

एक मावळा उचलून जवळून पाहिला. ढाल स्वच्छ उठलेली, पागोट्याचे पीळ मोजता यावेत असे. चेहरा मात्र गुळगुळीत. नाकाच्या जागी जेमतेम एक उंचवटा, ओठ नाहीतच.

"साच्यात नाक ऱ्हातच नाही दादा," ताई म्हणाल्या. "आम्हीच काढतो ते."

कारण साधं आहे. चेहऱ्यावर नाक सगळ्यांत पुढे, म्हणजे साच्यात सगळ्यांत खोल. हवेचा बुडबुडा तिथेच अडकतो आणि माल ओढून काढताना रबर तिथेच आधी झिजतं. हंगाम सरत जातो तसतसं सैन्य नकटं होत जातं.

मग ब्रशने नाक उभं करायचं. ताई करंगळी मावळ्याच्या खांद्यावर टेकवतात, श्वास धरतात आणि अंगरंगाहून गडद तपकिरी रेघ उंचवट्याच्या एकाच बाजूने खाली आणतात. शेंड्यावर फिक्या रंगाचा एक टिंब. झालं नाक! सावली खरी नसते, पण हातभर अंतरावरून कुणाची बिशाद नाही ओळखायची. डोळ्यांत पांढरा रंग त्या भरतच नाहीत. एवढ्याशा तोंडावर पांढरं टाकलं की मावळा दचकल्यासारखा दिसतो. वरच्या पापणीची काळी रेघ आणि तिला लोंबणारा एक ठिपका, बस्स. मिशी सगळ्यांत शेवटी, कारण वाकड्या नाकाची लाज तीच राखते.

एवढ्याशा शिपायांचं वेड काही आपल्याकडेच नाही. 1893 साली इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने आतून पोकळ शिशाचे शिपाई ओतायला सुरुवात केली. त्यांची 54 मिलिमीटरची उंची पुढे जगभरच्या शौकिनांचं माप झाली. आज युरोपातला शौकीन मध्ययुगातल्या एकाच चिलखती सरदारावर कित्येक रात्री खर्च करतो. पातळ रंगाचे थरावर थर चढवून गालाखालची सावली साधतो. पद्धत ओळखीची वाटली. फरक वेळेचा. ताईंना मजुरी नगावर मिळते.

इंदापूरच्या बाजारात मला महाराज, तानाजी, बाजीप्रभू, वाघनखांखालचा अफजलखान सगळे दिसले. मालोजीराजे कुठेच नव्हते. ताईंना म्हटलं, एक करून द्याल का? त्यांनी गढी पाहिलेली होती, राजांचा पोशाख कुठे पाहिला नव्हता. निजामशाहीतला सरदार, अंगात घोळदार जामा आणि कमरेला पटका हवा, असं मी सांगितलं. साच्यातल्या मावळ्याचा अंगरखा तर गुडघ्यापर्यंतचाच. ताईंनी उघड्या पोटऱ्यांवर थेट घोट्यापर्यंत पांढरा रंग ओढला आणि त्यात करड्या चुण्या पाडल्या. भाला काढून टाकला, शेला सोनेरी केला. हात कमरेवर होताच. शिपायाचा सरदार व्हायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. इतिहास म्हणून त्यात खोट काढता येईल, मी काढणार नाही.

काढायचीच तर साच्याची काढावी. मूळ नमुना कधीच हरवला आहे. साचा झिजला की त्यातल्याच बऱ्यापैकी मावळ्यावरून नवा साचा घेतात, म्हणजे बोथट नाकावरून आणखी बोथट नाक. हे चक्र थांबवायचं तर मूर्तिकाराकडून नवा नमुना करून घ्यावा लागेल. शेडच्या मालकांचा हिशेब वेगळा आहे. गिऱ्हाईक उभ्यानेच माल बघतं, नाकं तपासत बसत नाही.

वेळही थोडा. चतुर्दशी ते वसुबारस जेमतेम दीड महिना, त्यात परतीचा पाऊस. ओल धरलेल्या पीओपीवर रंग दिला की आठवड्यात पोपडे सुटतात, म्हणून माल बल्ब लावून सुकवायचा आणि विजेचं बिल सोसायचं. शाडू वापरा म्हणणं सोपं आहे. शाडूचा भाला धरलेला हात टेम्पोत चढवतानाच तुटतो. पीओपीबद्दलचे वाद सगळे विसर्जनाच्या मूर्तींवरून. तीन इंची मावळ्याचं विसर्जन कुणी करत नाही; किल्ला मोडला की तो मातीत जातो आणि तिथेच राहतो. मला हे खटकतं, पण त्याचा भुर्दंड ताईंच्या मजुरीवर पडू नये असंही वाटतं. तिकडे दुकानांत आयते किल्ले येताहेत, मावळे चिकटवूनच. हाताखालच्या पोरांना बारामतीच्या एमआयडीसीत बारा महिने पगार मिळतो. दीड महिन्याच्या कामासाठी कोण थांबणार?

निघताना मालकांनी कौतुकाने नवा साचा दाखवला. सिंहासनाधिष्ठित महाराजांचा होता. नाक धारदार, जिरेटोपाचा मोत्यांचा तुरासुद्धा उठलेला. प्रत्येक किल्ल्यावर महाराज लागतातच, तेव्हा पैसे वसूल होतात.

"आणि मावळ्यांचा?"

"बघू पुढच्या साली."

ताईंनी मान वर केली नाही. "मग झिरोचे दोन ब्रश जास्तीचे आणा," त्या म्हणाल्या, "ह्याचे केस गळायला लागलेत."