खारका वाटतो, मेहर उधार ठेवतो

निकाह झाला की खारका वाटल्या जातात. लग्नसराईत त्यासाठी आपल्या इतवारीच्या किराणा बाजारात गर्दी उसळते. कोरियातही गोडवा असाच वाटतात. पारंपरिक लग्नात नवरदेव सासूला लाकडी हंस देतो. ती जन्मभराच्या सोबतीची खूण. पुढे ‘प्येबेक’ विधीत सासू-सासरे नवदांपत्याच्या ओटीत सुकी बोरं आणि चेस्टनट टाकतात. लेकरं व्हावीत, हीच दुआ.

रिवाज देशोदेशी वेगळे. मेहर मात्र रिवाज नाही, वधूचा हक्क आहे. 1961 च्या हुंडाबंदी कायद्यानेही मेहरला हुंड्यात धरलेले नाही. तरी जहेज रोख आणि मेहर उधार! मुलाच्या आईवडिलांनो, लग्नखर्चाच्या यादीत पहिली ओळ मेहरची लिहा, खारका नंतर.