हॅलो, गाव कोणते?

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी संध्याकाळी घरी आली. हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. "काका, एकशे आठच्या केंद्रात फोन घ्यायची नोकरी आहे. अर्ज करू का? आई म्हणते, फोन उचलायला पुण्यापर्यंत कशाला जायचे?"

मुलगी बी. एस्सी. झालेली, दोन वर्षे औषधाच्या दुकानात काम केलेली, बोलायला धीट. आईचे म्हणणेही अगदीच चूक नव्हते. फोन उचलणे हे काय काम झाले, असेच आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. मलाही वाटायचे. एका पावसाळ्यात ते वाटणे संपले.

१९९१ साली मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात नवखा वैद्यकीय अधिकारी होतो. जीप एकच. रात्री निरोप आला की अमुक गावात मुलाला साप चावला आहे, गाडी पाठवा. मी गावाचे नाव चिठ्ठीवर लिहिले आणि ड्रायव्हरच्या हाती दिले. त्या नावाच्या दोन वस्त्या होत्या, एक नाल्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे टेकडीपाशी. हे मला ठाऊक होते, पण घाईत विचारायचे राहिले. जीप अलीकडच्या वस्तीत जाऊन दीड तासाने रिकामी परत आली. दुसऱ्या फेरीत मुलगा आला तेव्हा पहाट होत होती. पापण्या मिटलेल्या होत्या आणि श्वास वाटेतच थांबला होता. सापाच्या विषावरचे इंजेक्शन माझ्या कपाटात होते. मण्यार चावली की श्वासाचे स्नायू लुळे पडतात. पहिल्याच फेरीत आला असता तर वाचलाच असता, असे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण निरोप घेऊन आलेल्या माणसाला 'कोणती वस्ती?' एवढे विचारायला मला दहा सेकंद लागली असती.

म्हणून त्या मुलीला मी म्हणालो, "अर्ज कर. पण आधी आठ दिवस माझ्याकडे येत जा."

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली सुरू झाली. सुरुवातीला ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ अतिगंभीर रुग्णांसाठी सुसज्ज आणि ७०४ प्राथमिक सोयींच्या, आणि प्रत्येकीवर डॉक्टर असावा अशी योजना होती. फोन जातो पुण्याच्या नियंत्रण केंद्रात. तिथे फोन घेणारा माहिती टिपतो, जवळची गाडी पाठवली जाते, लागेल तेव्हा केंद्रातला डॉक्टर सल्ला देतो. (गर्भवती माता आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ वेगळा, आणि पोलीस, आग वगैरे सर्व संकटांसाठी ११२.) जगात अशा क्रमांकांची सुरुवात लंडनच्या ९९९ पासून धरतात. १९३५ साली तिथे एका घराला आग लागून पाच स्त्रिया दगावल्या. शेजारच्या गृहस्थांनी फोन केला होता, पण टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेत तो अडकून पडला. त्यावर बरीच ओरड झाली आणि १९३७ साली ९९९ आला.

आता पुण्यात बसलेल्या माणसाची अडचण बघा. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल आहे. गट्टा नावाची गावे दोन, एक धानोरा तालुक्यात, दुसरे एटापल्ली तालुक्यात. म्हणून जाणकार मंडळी 'गट्टा जांबिया' आणि 'गट्टा फुलबोडी' असे फोडून बोलतात. टोला, हेटी, चक, माल, खुर्द, बुद्रुक यांचा घोळ तर चंद्रपूर जिल्ह्यातही आहेच. मूलजवळ अपघात झाला असे कोणी सांगितले, तर हे गावाचे नाव आहे की लेकराबद्दल बोलणे चालले आहे, हे आपल्याला कळेल, परक्याला कळेलच असे नाही. सिरोंचाकडे मोबाइल कधी नदीपलीकडच्या तेलंगणातला टॉवर धरतो. भाषा तरी किती! माडिया, गोंडी, सिरोंच्याला तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली आणि सगळीकडे आपली झाडीबोली. त्यात रात्री सापाचे नाव घेऊ नये, म्हणून माणूस म्हणतो, "जनावर लागलं." सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे मोहफुले वेचायच्या दिवसांत 'जनावर' म्हणजे वाघही असू शकतो. या कामाला आपल्याकडची मुले हवीत असे मला वाटते, ते याचसाठी.

जाहिरातीत सहसा पदवी, संगणकावर वेगाने टंकलेखन आणि मराठी-हिंदी-इंग्रजी बोलता येणे एवढे मागतात. त्यापलीकडचे शिकवावे लागते. आम्ही रोज रात्री नऊनंतर तालीम केली. मुलगी पुढच्या खोलीत फोन घेऊन बसायची आणि आमच्या सौ. मागच्या अंगणातून फोन करायच्या. सौ.ना नाटकाची हौस, त्यामुळे त्या जीव तोडून ओरडायच्या, "पोट्ट्याले काहीतरी डसलं जी, जल्दी गाडी पाठवा!"

पहिल्या दिवशी मुलगी तीनदा म्हणाली, "ताई, घाबरू नका, शांत व्हा." फोन ठेवल्यावर सौ. म्हणाल्या, "पोराचे डोळे मिटताहेत आणि ही मला शांत हो म्हणते. मला रागच आला." बरोबर होते त्यांचे. घाबरलेल्या माणसाला शांत हो म्हणून कोणी शांत होत नाही, त्याला हाताला काम द्यावे लागते. चौथ्या दिवसापर्यंत तिला जमले. "ताई, गाडी पाठवायची आहे. गाव सांगा." उत्तर नाही आले तर तेच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच आवाजात, पुन्हा. आवाज चढवायचा नाही. गावानंतर तालुका, जवळची खूण, मग फोन नंबर, कारण रेंज कधी जाईल सांगता येत नाही. रोगाची चौकशी त्यानंतर. पत्ता हाती असला तर बाकी काही न कळताही गाडी निघू शकते.

दुसरी चूक शिकलेल्या माणसांकडूनच जास्त होते. ती विचारायची, "श्वास चालू आहे ना?" समोरून उत्तर, "हो जी." घाबरलेला माणूस 'ना' लावलेल्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हणतो. त्याऐवजी म्हणावे, "छातीकडे बघा आणि काय दिसते ते मला सांगा." बेशुद्ध माणूस मधूनच घोरल्यासारखा आचका देत असेल, तर तो श्वास चालू आहे असे समजू नये. तिथे फोनवरूनच सांगावे लागते: उताणे निजवा, छातीच्या मधोमध एकावर एक तळहात ठेवा, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा, मी मोजतो. साप चावला असेल तर दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, हात किंवा पाय हलू देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. घरीच बाळंतीण झाली असेल तर नाळ कापू नका, ओढू नका, बाळ पुसून आईच्या अंगाशी धरा. उन्हाने बेशुद्ध पडलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, सावलीत घेऊन अंग भिजवा. चंद्रपूरच्या मे महिन्यात हे वाक्य पाठच पाहिजे.

एक गोष्ट मात्र मी तिला शिकवू शकलो नाही. गाडी पोचली की फोन सुटतो आणि पुढे काय झाले ते सहसा कळत नाही. लगेच दुसरा फोन, कदाचित कोणी थट्टा म्हणून केलेला, तोही त्याच आवाजात घ्यायचा. रात्रपाळीने झोप मोडते, पित्त वाढते, काही जणांना घरी आल्यावरही कानात घंटा ऐकू येते. अशा वेळी सोबत्यांशी बोलावे, आठवडाभर झोप उडाली तर डॉक्टरांना दाखवावे. मी १९९१ नंतर कोणाशीही बोललो नाही, त्यामुळे हा सल्ला द्यायचा मला फारसा अधिकार नाही.

वाचकहो, तुमच्या घरी एक काम आजच करा. एका कागदावर गाव, टोला, ग्रामपंचायत, तालुका, जवळची शाळा किंवा देऊळ आणि कोणत्या रस्त्याने वळायचे ते मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा. माझ्याच घराचा पत्ता फोनवर सांगताना मला पाऊण मिनिट लागले, आणि ती मुलगी मला मध्येच थांबवून म्हणाली, "काका, कडुनिंबाचे झाड नका सांगू. ते तोडून तीन वर्षे झाली."

अर्ज गेला आहे. आई अजून कुरकुरते. पण परवा दारात उभी राहून तिने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, रात्रपाळी असली म्हणजे जेवायचं किती वाजता?"