अधीक्षकांकडे नसलेली किल्ली

विरारला लोकल रिकामी होते. झाडूवाला डब्यात चढतो आणि त्याला खिडकीशेजारच्या बाकावर आठ-नऊ वर्षांचं पोर झोपलेलं दिसतं. सोबत कुणी नाही. उठवलं तर नाव सांगतं, गाव सांगत नाही. त्या क्षणी एक घड्याळ सुरू होतं आणि ते चालू झाल्याची खबर आपल्यापैकी बहुतेकांना नसते.

चोवीस तास! तेवढ्यात ते मूल जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे पोहोचलंच पाहिजे, असं २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. प्रवासाचा वेळ मात्र त्यात धरायचा नाही. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्याला हे कसं सुचलं असेल? मोखाड्याहून जव्हारमार्गे एसटीने पालघरला उतरलेल्या माणसाला ही सवलत कशासाठी, हे समजावून सांगावं लागणार नाही.

मुलाला आणायचं कुणी? पोलीस आणू शकतात, सामाजिक कार्यकर्ता आणू शकतो, मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन गेला तर तिथली माणसं आणू शकतात. कायद्यातली ही यादी वाचत खाली गेलं की एका नोंदीवर थबकायला होतं: स्वतः मूल. म्हणजे दहा वर्षांची मुलगी एकटी चालत समितीच्या दारात आली आणि ‘मला घरी जायचं नाही’ म्हणाली, तर तिला आत घ्यावंच लागतं. तिला वकील लागत नाही, कागद लागत नाही, सोबत मोठं माणूसही लागत नाही.

आत बसलेलं असतं तरी कोण? एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांतली किमान एक स्त्री. यातल्या कुणालाही न्यायाधीश असावं लागत नाही. मानसशास्त्र, समाजकार्य, शिक्षण, कायदा अशा एखाद्या विषयाची पदवी आणि मुलांसाठी केलेलं सात वर्षांचं काम असलं तरी चालतं. वसईतली एखादी समाजसेविका किंवा नालासोपाऱ्यातला एखादा शिक्षकही इथे बसू शकतो. आणि या पाच जणांना मिळून अधिकार किती, तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याइतके! मूल आज रात्री कुठे झोपेल, घरी परत जाईल की नाही, हे ते ठरवतात.

मग अध्यक्षांचा शब्द अखेरचा असेल, असं वाटतं ना? तसं नाही. अंतिम निर्णयाला किमान तीन जण हजर हवेत आणि निर्णय बहुमताने व्हायला हवा. बहुमतच होत नसेल तेव्हाच अध्यक्षांचं मत चालतं. इतका अधिकार हातात देऊन तो एकट्याने वापरता येणार नाही, अशी तजवीजही सोबतच केलेली. मला तर ही मांडणी फार हुशारीची वाटते.

पण खरं कुतूहल इथून पुढे. समितीने मुलाला बालगृहात पाठवलं. चार भिंती, जेवण, शाळा. आता ते सुरक्षित झालं का? जोखीम मागे राहिली, की त्याच्याबरोबर भिंतीच्या आत आली?

कायदा भाबडा नाही. समितीने महिन्यातले किमान वीस दिवस बसायचं असतं आणि बालगृहाला दिलेली भेटही ‘बैठक’ म्हणूनच मोजली जाते. महिन्याला अशा किमान दोन भेटी झाल्याच पाहिजेत. याशिवाय वेगळ्या तपासणी समित्या असतात. त्यांचं पथक किमान तिघांचं, त्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी. दर तीन महिन्यांनी भेट आणि आठवड्याच्या आत अहवाल.

रुळांवरून हातोडी घेऊन चालणारा गँगमन पाहिलाय? मागची गाडी सुखरूप गेली आणि पुढचीही बहुधा सुखरूप जाईल, तरी तो ठोकून बघतो. जोखमीवर देखरेख करायची म्हणजे हेच. अपघात झाला का, हा चौकशीचा प्रश्न. देखरेख करणाऱ्याचे प्रश्न वेगळे: रात्री ड्युटीवर कोण असतं? दाराला कडी आतून आहे की बाहेरून? मागच्या वेळी भेटलेली ती बडबडी मुलगी आज गप्प का? आणि तक्रारवहीचं पान वर्षभर कोरं कसं? माझ्या मते कोरं पान हेच सगळ्यात मोठ्याने ओरडत असतं.

कोरं पान भरायचं कसं, याचं उत्तर केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांत एका साध्या पेटीच्या रूपाने आहे. प्रत्येक बालगृहात मुलांसाठी सूचनापेटी हवी. कुठे? मुलांच्या राहण्याच्या खोल्यांजवळ आणि सीसीटीव्हीच्या टप्प्याबाहेर! एरवी सुरक्षेसाठी कॅमेरे लावणारी व्यवस्था इथे मुद्दाम कॅमेऱ्याची नजर चुकवते, कारण चिठ्ठी टाकणारा हात कुणाचा हे बालगृहाच्या अधीक्षकांना दिसता कामा नये. किल्लीही अधीक्षकांकडे राहत नाही, ती व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असते. दर आठवड्याला पेटी उघडायची आणि तीही मुलांच्या समितीतल्या सदस्यांसमोर. ज्याने कुणी हे लिहिलं त्याला बंद दारामागची भीती पुरती ठाऊक असणार.

एवढं सूक्ष्म शहाणपण येतं कुठून? बरंचसं दुःखातून. १९८० च्या दशकात पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतल्या मानखुर्दच्या निरीक्षणगृहातल्या मुलांचे हाल न्यायालयात नेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहातले उपासमारीचे मृत्यू बातम्यांत आले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि टाटा समाज विज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली बाहेरच्या माणसांची समिती नेमली. कवडासपासून सुरू झालेलं हे पाहणं तिथेच थांबलं नाही. २०११ मध्ये याच समितीच्या भेटीतून पनवेलच्या एका संस्थेतल्या मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले. त्या मुलींपैकी काहींना ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. तरीही त्यांचं म्हणणं बाहेर पोहोचलं, कारण या वेळी ते समजून घ्यायलाच कुणीतरी आलं होतं.

आता सगळ्यात अवघड गाठ. राखणदारच फितूर झाला तर? बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या बालिकागृहात नेमकं तेच झालं. टाटा संस्थेच्याच ‘कोशिश’ या मुंबईत जन्मलेल्या प्रकल्पाच्या पथकाने तिथे सामाजिक लेखापरीक्षण केलं, मुलींशी संवाद साधला आणि २०१८ मध्ये तिथले अत्याचार बाहेर आले. २०२० मध्ये दिल्लीतल्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवलं. त्यांत कोण होतं? त्याच जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा माजी अध्यक्षसुद्धा!

कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने बालगृहाच्या व्यवस्थापनात असलेल्या व्यक्तीला समितीवर बसायला बंदी घातली. तपासणी अहवालावर महिनाभरात कारवाई करण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आली. समितीच्या कामाचा दर तीन महिन्यांनी आढावाही तेच घेतात. म्हणजे वसई-विरारच्या मुलांचं भवितव्य ठरवणाऱ्या पाच जणांबद्दल गाऱ्हाणं असेल, तर ते पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यायचं. ते कुणी नेऊ शकतं? मुलाशी संबंधित कुणीही. आणि विरारच्या बाकावर झोपलेलं ते पोरही.